पटक्यापुरतं छत

आमच्या मालकांच्या ट्रकला मी आयुष्यभर सवत म्हणत आले. मागून नाही, त्यांच्या तोंडावर. पोलीस ॲक्शन होऊन निजाम गेल्यावर सासऱ्यांनी तो कुठल्याशा सरकारी लिलावात घेतलेला. लांब नाक, बाहेर आलेले गोल दिवे, हिरवा रंग. मी लग्न होऊन करमाडला आले तेव्हा सासूनं आधी देवाच्या पाया पडायला लावलं, मग हाताला धरून अंगणात नेलं आणि ट्रकच्या नाकाला कुंकू लावायला सांगितलं. तेव्हाच मी ओळखायला पाहिजे होतं, की या घरात मी दुसरी आहे.

मालक लासूर स्टेशनच्या मोंढ्यातून कापूस, बाजरी भरायचे आणि मुलखभर फिरायचे. आठ आठ दिवस घरी नसायचे. आले की आधी ट्रक धुणार, मग स्वतः. त्या केबिनमध्ये मला त्यांनी कधी बसवलं नाही. घरातली बाई केबिनमध्ये दिसली की रस्त्यावरचे लोक नाही नाही ते बोलतात, असं त्यांचं म्हणणं. मी माहेरी जायची ती एसटीनं. आता गंमत बघा, कधी कधी यांचा ट्रक मागून यायचा, आमच्या एसटीला मागं टाकायचा, आणि जाता जाता दोनदा हॉर्न वाजायचा. तेवढीच आमची मुलाखत. शेजारची बाई विचारायची, कोण गं हा टवाळ? मी म्हणायची, असंल कुणीतरी.

पुढं इंजिन बसलं. नवीन गाड्यांपुढं याला कोण भाडं देणार? ट्रक घराला लागून शेतात गोठ्याजवळ लिंबाखाली उभा राहिला तो राहिलाच. पत्रा गंजला, कोंबड्या आत अंडी घालायला लागल्या. मी मनात म्हणलं, बसली एकदाची सवत. आणि मग मालकांचे डोळे गेले. काचबिंदू. औरंगाबादला, म्हणजे आताच्या संभाजीनगरला, किती खेटे घातले, पण उशीर झाला होता. ट्रक बसला म्हणून मी मनातल्या मनात हसले होते ना, ते मला तेव्हापासून सलतं. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही हे कळतं मला. पण कळलं म्हणून सल जातो थोडाच.

ओट्यापासून ट्रकपर्यंत मी एक दोरी बांधून दिली. सकाळी चहा झाला की डोक्याला पटका बांधायचा, दोरी धरून जायचं, केबिनमध्ये चढायचं आणि रेडिओ ऐकत बसायचं, असं त्यांचं ठरलेलं. पटका बांधल्याशिवाय ते ओटा उतरत नाहीत. त्यांची आई गेली त्या दिवशी तेवढं त्यांचं डोकं लोकांनी उघडं बघितलं.

थोरला पोरगा बजाजनगरला राहतो, कंपनीत मशीनवर आहे. एका रविवारी आला आणि मला मोबाइलवर चित्रं दाखवायला लागला. असेच जुने ट्रक, पण कापून छाटून बुटके केलेले. छत खाली ओढलेलं, चाकं रुंद, मागचा हौद आखूड, इंजिन काही ठिकाणी उघडंच. याला हॉट रॉड म्हणतात म्हणाला. परदेशात लोक हौसेनं बनवतात. आपल्या ट्रकची बनवू या का? मी त्याला म्हणलं, बनव की. यांना विचारायच्या आधी माझ्या तोंडून गेलं. आणि मालक तिथंच बाजेवर बसलेले होते.

त्यांनी रेडिओ बारीक केला. मग म्हणाले, “करा. मला काय, मला दिसतं थोडंच.”

पोरानं याला होकार धरला. मला मात्र ते वाक्य भाकरीतल्या खड्यासारखं दाताखाली आलं. दुसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता मी पुन्हा विचारलं, खरंच चालंल का तुम्हाला? चालंल म्हणाले. परत एकदा विचारलं तर हसून म्हणाले, “तुझा सवतीचा जाच सुटल, आणखी काय पाहिजे?” इतकी वर्षं मीच तो शब्द वापरलेला. त्यांनी तो जपून ठेवला होता आणि आता माझ्यासाठी त्यांची गाडी सोडून देत होते, असं मला वाटायला लागलं. पोराला थांबवावं असं मनात आलं. पण खरं सांगू, थांबवावं असं पुरतं वाटतही नव्हतं.

शहरातले एक डेंटर मिस्त्री होते, मालकांचे जुने दोस्त. गाडीला कुठं पोचा पडला की मालक त्यांच्याकडंच जायचे. आता म्हातारे झालेले, पण पोरानं विचारल्यावर लगेच तयार झाले. दर रविवारी दोघं यायचे. पहिल्या दिवशी मॅट उचलली तर खाली पत्राच नव्हता, जमिनीतलं गवत थेट केबिनमध्ये उगवलेलं. मिस्त्री म्हणाले, “भाभी, ये तो बाग है. गाडी कुठं ठेवली तुम्ही?”

गंजका पत्रा कापून काढला, नवा जोडला, तारेच्या ब्रशनं घासून त्यावर लाल ऑक्साइड मारला. एका मोडीत निघालेल्या जीपचं डिझेल इंजिन पोरानं कुठून तरी आणलं. मालक लांब बाजेवर बसून नुसते ऐकायचे. ग्राइंडर लागला की सांगायचे, हे डावं दार. मोंढ्याच्या फाटकाला लागून चेपलं होतं ते. त्यांचं बरोबर निघायचं. मी चहा घेऊन मध्ये मध्ये जायची, आणि मला लई मजा यायची. ठिणग्या उडताना बघायला, काय कापतात, काय जोडतात ते विचारायला. आणि मग पाठीमागं बाजेवर ते दिसायचे, मान तिरकी करून कान लावलेले. मी मजा तिथंच आवरती घेऊन आत यायची. पाच मिनिटांनी पुन्हा बाहेर.

छत खाली घ्यायचा दिवस आला. त्याशिवाय या गाडीला रूप येत नाही म्हणे. पोरगा केबिनमध्ये तेलाच्या उपड्या डब्यावर बसला, मिस्त्रींनीही बसून उंची बघितली, खडूनं खुणा केल्या आणि खांबांमधून चार बोटं पत्रा कापून काढला. मालकांनी ते तुकडे मागितले. मांडीवर घेऊन त्यावरून बोट फिरवत राहिले. मग माझ्याकडं दिले आणि म्हणाले, खुराड्याला लाव, कोंबड्यांना तरी छप्पर होईल.

रंगाचा विषय निघाला तेव्हा पोराला काळा पाहिजे होता. मालक म्हणाले, काळा तर काळा, मला आता सगळेच रंग काळे. तेव्हा मात्र मी पोराला बाजूला घेतलं आणि सांगितलं, हिरवाच मारायचा, नायतर उद्यापासून चहा बंद. तो हिरवा घेऊन आला. मिस्त्रींनी यांना ते सांगितलं तर यांनी एवढंच विचारलं, कसला हिरवा? लिंबाच्या पानाचा का चिंचेच्या? चिंचेच्या, मिस्त्री म्हणाले. त्यावर मालकांनी नुसती मान हलवली, पण त्या दिवशी चहा दोनदा मागितला.

सीट शिवायचं काम मी मागून घेतलं. गोधड्या शिवत आलेला हात, रेक्झिन तेवढं जाड होतं, बोटांची चाळण झाली. मालकांची पाठ गाडी चालवून चालवून गेलेली. निदान बसायला तरी मऊ मिळू दे म्हणून मी काथ्यावर फोम घातला, त्यावर आणखी फोम घातला. मनात जेवढं सलत होतं तेवढं त्या गादीत भरलं म्हणा ना. पोरगा म्हणाला, माय, राजाचं आसन करतीस का काय? मी म्हणलं, तू गप रहा, बसणारा मी ओळखते.

गाडी चालू करायची तर नारळ पाहिजे. आजूबाजूच्या शेतातली चार माणसं जमली. मालकांनी नवा पांढरा पटका बांधला, दोरी धरून आले. गाडीवर हात फिरवत दारापर्यंत गेले. पाय ठेवायची जागा खाली आली होती, ती चाचपून घेतली, आणि मग सगळी उमर जसे चढत आले तसे झोकात वर गेले.

डोकं छताला लागलं आणि पटका खाली पडला. जमिनीवर सांडलेल्या तेलात.

शेजारची माणसं दुसरीकडं बघायला लागली. मालक खाली उतरून उघड्या डोक्यानं जमीन चाचपत होते. त्यांचे केस इतके विरळ झालेत हे मलासुद्धा त्या उजेडात पहिल्यांदा दिसलं. मिस्त्रींनी पटका उचलला, झटकला, त्यांच्या हातात दिला आणि हळूच मला म्हणाले, “मैंने तो टोपी पे नाप लिया, भाभी. टोपीला उंची कुठं असती?” पोरगा तर बोडकाच होता. आणि मी, रोज तो पटका धुऊन वाळत घालणारी, मी गादी दोन थर उंच केलेली.

मालकांनी फूटबोर्डवर बसून पटका पुन्हा बांधला. सावकाश, एकेक वेढा. तेलाचा डाग पुढं आला होता, पण त्यांना कोण सांगणार? मग उठले आणि म्हणाले, “पोरा, तूच चालव. मी हितंच बरा.” आणि दोरीकडं वळले.

मी म्हणलं, “थांबा.”

घरातून विळा आणला. पोरगा माय, माय करत राहिला, मी ऐकलं नाही. मधल्या भागाची माझी शिवण उसवली, फोम ओढून काढला, काथ्या काढला, फळीवर एक जुनी गोधडी घडी करून टाकली. आणि त्यांचा हात धरून त्या जागेवर ठेवला.

त्यांनी फळी दाबून बघितली. म्हणाले, “गादी तू शिवली होतीस ना?”

“व्हय.”

“चांगली झाली असंल.”

मग आधी तळहातानं छत बघितलं, वाकले, आत सरकले, सरळ बसले. पटका छताला टेकला, पण राहिला. पोरगा स्टिअरिंगवर बसला. मी दार लावायला गेले तर म्हणाले, “तूपण आत ये.” मी म्हणलं, लोक काय म्हणतील? ते म्हणाले, “म्हणू दे. मला थोडंच दिसतंय.” तेच वाक्य. पण या वेळी ते हसत होते.

गाडी मोठ्या रस्त्यावर न्यायची परवानगी नाही, म्हणून पांदीनं जालना रोडच्या कडेपर्यंत गेलो. प्रत्येक खड्ड्याला फळीचा दणका त्यांच्या पाठीत बसत होता. ते समोरचा दांडा घट्ट धरून ओठ मिटून बसले होते. रोडच्या कडेला पोरानं गाडी थांबवली. लांबून एसटी आली. त्यांनी आवाजावरून ओळखली, पोराच्या अंगावरून हात घातला आणि दोनदा हॉर्न वाजवला. एसटीच्या खिडकीतून कुणी बघितलं का नाही, मला दिसलं नाही. माझे डोळे भरून आले होते.

आता हे दर रविवारी असतं. संध्याकाळी मी त्यांच्या पाठीला तेल चोळते, आणि ते काही दुखत नाही म्हणतात. निदान एक थर फोम परत घालू का म्हणून विचारलं, तर नको म्हणाले, पटका लागंल. माझ्या बाजूची गादी मात्र त्या दिवशी मी कापली नव्हती, ती तशीच आहे, दोन थरांची. तीसुद्धा उसवते, दोघं फळीवर बसू, असं मी त्यांना म्हणलं. तर म्हणाले, राहू दे, एकाला तरी मऊ असू दे. म्हणून रविवारी मी त्यांच्या शेजारी मऊवर बसते, आणि खड्डा आला की माझंच अंग आखडतं.