‘वगैरे’मधली डुकरं

एकाच लॅबमध्ये आठ वर्षं काढली की किस्से आपोआप साचतात. आमच्याकडे फ्रीजर आणि किस्से दोन्ही कायम भरलेले असतात, फक्त फ्रीजर वर्षातून एकदा तरी रिकामा होतो. बाकीच्या ऑफिसांतले लोक आपले किस्से लग्नात, बारशात रंगवून सांगतात. आम्हाला ती सोय नाही, कारण आम्ही डुकरांवर काम करतो.

डुकरांना एका विषाणूमुळे ताप येतो. माणसाला तो रोग होत नाही, पण डुकरांचा कळपच्या कळप जातो. त्या विषाणूची जनुकं वाचायची आणि तो कोणत्या गावातून कोणत्या गावात गेला ते शोधायचं, हे आमचं काम. वर्धा जिल्ह्यात जिथे डुकरं पाळतात तिथे जीपने जायचं, रक्त घ्यायचं, परत यायचं. आधी मला या कामाची लाज वाटायची. आता स्वतःची वाटते.

*

हिंगणघाटला मुलगी पाहायला गेलो होतो. पोहे आले, चहा आला आणि भावी सासऱ्यांचा प्रश्न आला. "संशोधन कशावर करता?"

"जनावरांच्या विषाणूंवर."

"कोणती जनावरं?"

शेजारी माझे वडील बसलेले. आयुष्यभर शाळेत शिकवलेला माणूस, ताठ बसलेला. मी म्हणालो, "गाई, म्हशी वगैरे."

मी आजवर एकाही गाईचं रक्त काढलेलं नाही. जिल्ह्यातली सगळी डुकरं मी त्या ‘वगैरे’त कोंबली!

लग्न झालं. दोन महिन्यांनी बायकोचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी एका शेडमध्ये उभा होतो. बोलता बोलता माझ्या मागून एक पिल्लू गेलं. प्रियाने तोंड स्क्रीनजवळ आणलं.

"अहो, तुमची म्हैस एवढी लहान काऊन दिसून राह्यली?"

मी ‘नेटवर्क नाही’ म्हणून फोन कापला. ती आठवडाभर हसत होती. वडिलांना मात्र तिनेही सांगितलं नाही आणि मीही नाही. ते अजून लोकांना सांगतात, "आमचा संजू गोवंशासाठी काम करतो."

*

आमचा ड्रायव्हर देवराव. बोलतो कमी, पण बोलला की आपली पंचाईत होते.

एकदा देवळीच्या फाट्यावर ढोले गुरुजी एसटीची वाट पाहत उभे दिसले. वडिलांचे जुने सहकारी, थांबावंच लागलं. मागच्या सीटवर आमचा थर्माकोलचा डबा होता आणि त्यात सकाळी काढलेलं डुकरांचं रक्त, बर्फात ठेवलेलं. गुरुजींनी विचारलं, "लस आहे का रे यात?"

देवरावाने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "हो."

झालं! डबा आपटू नये म्हणून गुरुजींनी तो पुलगावपर्यंत मांडीवर घेतला. उतरताना डब्याला हात लावून कपाळाला लावला आणि म्हणाले, "फार पुण्याचं काम करून राह्यला बाळा."

ते गेल्यावर देवराव हळूच म्हणाला, "साहेब, आता त्यायले आंघोळ करा म्हणून कोण सांगीन?"

आम्ही दोघं पोट धरून हसलो. ते हसणं आज आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

*

त्याच रस्त्यावर पुढे, नाचणगावच्या बाहेर सुमनबाई राहतात. चौदा डुकरं, सगळी त्यांनी एकटीने वाढवलेली. नवरा पाठीच्या दुखण्याने घरीच असतो, त्यामुळे घर त्या चौदा जनावरांवर चालायचं.

डुकराला धरायची एक रीत आहे. वरच्या जबड्यात दोराचा फास अडकवायचा आणि ओढून धरायचं, म्हणजे ते जागेवर थांबतं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा फास बरोबर अडकवला, पण ते थांबलं नाही आणि मीही नाही. त्यांच्या चंपा नावाच्या मादीने मला शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढत नेलं. सुमनबाईंनी एका हाताने दोर घेतला आणि चंपा गप उभी राहिली.

"तुमी तिले घाबरता, थे तिले समजते," त्या म्हणाल्या.

मी ट्यूबवर नंबर टाकला. त्या वाकून पाहत होत्या. "हिचं नाव नाई लिवलं?" मी सांगितलं की नंबरच लिहितात. त्यांना ते काही पटलं नाही. शेवटी रजिस्टरमध्ये नंबरापुढे ‘चंपा’ लिहावं लागलं. आमच्या लॅबप्रमुख डॉक्टर मॅडमनी ते पाहून विचारलं, "चंपा कोण? नवीन रिसर्च असिस्टंट का?"

त्या दिवशीचे चौदाही नमुने स्वच्छ निघाले. कुठेही विषाणू नाही.

*

पंधरा दिवसांनी सुमनबाईंचा फोन आला. डुकरं पडून राहत होती, खात नव्हती, कानांवर निळे डाग होते. आम्ही पोचेपर्यंत पाच मेली होती. आठवड्याभरात चंपासकट बारा गेली.

गावात बोलणं सुरू झालं, की ही बाई हॉटेलचं उष्टं घालते, घाण ठेवते, म्हणून झालं. नवराही तेच म्हणायला लागला. सुमनबाई मला एकच गोष्ट विचारत होत्या. "साहेब, माहं कुठं चुकलं थे सांगा. म्या रोज धुतलं, रोज पाह्यलं. मंग माहं कुठं चुकलं?"

आणि मी काय केलं? मी त्यांना स्वच्छतेवर अर्धा तास भाषण दिलं! उष्टं उकळून घालायचं, शेड ब्लिचिंग पावडरने धुवायची, बाहेरच्या माणसाला आत येऊ द्यायचं नाही. माझे बूट त्यांच्या शेडमध्ये होते तेव्हा मी हे बोलत होतो. त्या मान हलवत राहिल्या. देवरावाने नंतर सांगितलं, की जवळपास रिकामी झालेली शेड त्या तीन दिवस घासत होत्या.

*

सिक्वेन्सिंगचे, म्हणजे जनुकं वाचल्याचे, निकाल आले तेव्हा नेमकी आढावा बैठक होती. बाहेरून एक मोठे शास्त्रज्ञ आले होते. मी पडद्यावर झाडासारखी आकृती लावली. ज्या विषाणूंची जनुकं जुळतात ते त्यात एका फांदीवर येतात. मी मोठ्या उत्साहात दाखवलं, "सर, हे फार इंटरेस्टिंग आहे. वडनेर आणि नाचणगाव जिल्ह्याच्या दोन टोकांना. पण विषाणू अगदी एकच, एका अक्षराचाही फरक नाही."

सरांनी चष्मा वर केला. "जनावरांची खरेदी-विक्री झाली का दोन्ही गावांत?"

"नाही सर."

"खाद्य एकाच ठिकाणचं?"

"नाही."

"मग या दोन गावांत समान काय आहे?"

मी म्हणालो, "त्यावर अभ्यास सुरू आहे."

देवराव चहाचा ट्रे घेऊन आत आला होता. त्याला वाटलं, उत्तर कुणाला येत नाही तर आपण मदत करावी. तो म्हणाला, "आपली जीप, सर."

खोलीत कुणी कप उचलला नाही. मॅडमनी रजिस्टर मागवलं. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. चंपाचं रक्त घेतलं त्या दिवशी सकाळी वडनेर, दुपारी नाचणगाव. त्या सकाळी जंतुनाशकाचा कॅन मी लॅबमध्येच विसरलो होतो. वडनेरच्या डुकरांच्या तोंडातला दोर मी नुसत्या पाण्याने विसळला आणि देवरावाला म्हणालो होतो, "चालते रे, घाई आहे." तोच दोर मी चंपाच्या तोंडात अडकवला होता.

*

मॅडम म्हणाल्या, "लेखी कळवू या." त्यांनी तीन वेळा मजकूर लिहिला आणि तीन वेळा फाडला. शेवटी मीच गेलो.

जीपमध्ये सगळं पाठ करून ठेवलं होतं. दारात गेल्यावर एवढंच बोलता आलं, "सुमनबाई, रोग आम्ही आणला. माझ्या दोरातून आला."

"म्हंजे माही चूक नोती?"

"नव्हती."

त्यांनी मला हाताला धरून आत नेलं, नवऱ्याच्या खाटेपाशी उभं केलं आणि म्हणाल्या, "आता हेच यायले सांगा."

मी सांगितलं. मग त्यांनी मला शेजारच्या घरी नेलं. मग किराणावाल्याकडे. मग पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांकडे. अशा एकूण सात ठिकाणी मी तेच वाक्य बोललो, सुमनबाई प्रत्येक ठिकाणी पदर सावरून शेजारी उभ्या होत्या.

*

प्रकल्पातून त्यांना चार पिल्लं मिळाली. मॅडमनी त्यासाठी वरपर्यंत भांडण केलं. नियमाप्रमाणे नमुने घ्यायला परत जावं लागलं. या वेळी कॅन होता, नवा दोर होता, प्लॅस्टिकचे बूट होते.

फाटकाशी ब्लिचिंगच्या पाण्याचं घमेलं ठेवलं होतं. मी बूट त्यात बुडवले आणि पुढे पाऊल टाकलं. सुमनबाईंनी फाटक लावून घेतलं.

"सामान तितंच ठेवा. पिल्लू मी इथं आणीन."

त्यांनी एकेक पिल्लू उचलून फाटकाशी आणलं, आतल्या बाजूने घट्ट धरलं आणि मी रस्त्यावर उभा राहून, फाटकावरून हात घालून रक्त काढलं. रस्त्याने पुलगावकडे जाणारे लोक नाकाला रुमाल लावून आमच्याकडे पाहत होते. चौथं पिल्लू चाललं होतं तेव्हा आतून त्यांच्या नवऱ्याने विचारलं, "कोण आलं वं?"

सुमनबाईंनी मान न वळवता सांगितलं, "रोगवाले साहेब हायेत. आत नाई घेतलं त्यायले."