सहा नंबरच्या खाटेवरचे मोजुमदार

नोंदताईंच्या बावीस वर्षांच्या नोकरीत एकदाच कुणी त्यांची चूक काढली होती, आणि शेवटी ती चूक काढणाऱ्याचीच निघाली. रुग्णालयाच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीला पाठ लावून असलेली रेकॉर्ड रूम हे त्यांचं राज्य. छताला भिडलेली लोखंडी मांडणी, दर वर्षाला वेगळ्या रंगाची पट्टी चिकटवलेले केसपेपरचे गठ्ठे, एक पाय आखूड असलेलं स्टूल आणि समोर जाळीची खिडकी. खिडकीशी येऊन कुणी नुसतं ‘पाच वर्षांमागे हात मोडला होता’ एवढं म्हटलं, की ताई विचारायच्या, “डावा का उजवा?” आणि चहा निवायच्या आत कागद हजर. त्यांचं खरं नाव पगारपत्रकात तेवढं उरलं होतं. बाकी झाडूवाल्यापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी नोंदताईच. माणूस हरवेल, पण ताईंकडचा कागद हरवायचा नाही, असं लोक म्हणत. ताईंनाही ते ऐकायला आवडे.

एका दुपारी बसस्थानकाच्या बाकावरून एका म्हाताऱ्याला उचलून आणलं. बसल्या जागी कलंडला होता. उजवी बाजू लुळी पडलेली, वाचा गेलेली. जवळच्या कापडी पिशवीत एक कंगवा, एक धुतलेला सदरा आणि चष्म्याचं रिकामं घर. ना तिकीट, ना फोन, ना एखादी चिठ्ठी. पोलिसांनी फोटो काढून नेला, आसपासच्या ठाण्यांना पाठवला. वर्तमानपत्रात बोटभर जागेत छापूनही आला. कुणी फिरकलं नाही. पुरुषांच्या वॉर्डात सहा नंबरची खाट मिळाली आणि केसपेपरवर लिहिलं गेलं, ‘अनोळखी पुरुष, वय अंदाजे सत्तर’.

चौथ्या दिवशी आजोबांच्या तोंडून पहिला आवाज फुटला. वॉर्डच्या सिस्टर तोंडाने फटकळ, पण मनाने लोणी. त्यांना ऐकू आलं, “मोजे.”

“अगबाई, पाय गार पडले असतील,” म्हणत त्यांनी घरून नवऱ्याचे मोजे आणून चढवले. आजोबा पुन्हा म्हणाले, “मोजु... मोजु...” सिस्टरनी दुसरी, लोकरीची जोडी वरून घातली. त्यावर आजोबांनी डावा हात खाटेच्या दांडीवर दणादणा आपटला.

“दोन दोन जोड घातले हो आजोबा! आता काय हातात घालू?”

नोंदताई तेव्हा घरी सोडलेल्या रुग्णांचे कागद न्यायला वॉर्डात आल्या होत्या. त्या थबकल्या. हजारो आडनावं ज्या कानांवरून गेली होती, त्या कानांना काही वेगळंच ऐकू आलं. त्या खाटेजवळ वाकल्या.

“सिस्टर, हे मोजे नाही मागत. आडनाव सांगताहेत. मोजुमदार. हो ना आजोबा?”

म्हाताऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं. डाव्या डोळ्यातून पाणी ओघळलं आणि तो एकदम स्पष्ट म्हणाला, “मोजुमदार.”

त्या नजरेत ताई अडकल्या त्या अडकल्याच. वास्तविक नातेवाईक शोधणं हे समाजसेवा अधिकाऱ्याचं काम. पण ती खुर्ची दोन वर्षं रिकामी होती. मोठे साहेब म्हणाले, “तुम्हाला जमतंय तर बघा.” ताईंनी मनाशी हिशेब केला, की आडनाव हाताशी आहे म्हणजे अर्धं काम झालं. आठ दिवसांत माणूस घरी.

त्यांनी आपल्याच दप्तरापासून सुरुवात केली. तीस वर्षांत या आडनावाचे अकरा रुग्ण येऊन गेले होते आणि अकरा जणांत आडनाव पाच तऱ्हांनी लिहिलेलं होतं. मजुमदार, मुजुमदार, मोजुमदार, मजमुदार, आणि एकाचं तर मोझुमदार. जेवणाच्या सुट्टीत डबा एका हाताला आणि फोन दुसऱ्या हाताला घेऊन ताईंनी अकराही ठिकाणी विचारलं. दोन घरं बदलली होती, एक जण वारले होते. बाकीच्यांकडचं कुणी हरवलेलं नव्हतं. त्यातले एक निवृत्त शिक्षक मात्र बोलघेवडे निघाले.

“बाई, तुम्ही आडनावावरून घर शोधताय, पण हे मुळात आडनावच नव्हे,” ते म्हणाले. “हा हुद्दा. मजमुआ म्हणजे गोळा केलेलं, एकत्र केलेलं. आणि दार म्हणजे ते सांभाळणारा. जुन्या राजवटीत जमीनमहसुलाची दप्तरं ज्याच्या ताब्यात, तो मजमुआदार. जिभेवर घासून घासून झाला मुजुमदार. म्हणजे बघा, तुमचंच काम करणारा माणूस!”

ताई हसल्या. “मग हे सगळे एकमेकांचे भाऊबंद असतील ना?”

“छे हो! तिथेच तर गोम आहे. ज्या ज्या मुलखात दप्तर, तिथे तिथे एक मुजुमदार. कुणी हिंदू, कुणी मुसलमान. जात वेगळी, भाषा वेगळी. आमचा आणि पलीकडच्या मुजुमदारांचा काडीचा संबंध नाही. भर बाजारात ‘अहो मास्तर’ म्हणून हाक मारलीत तर किती माना वळतील? तसं आहे हे.”

फोन ठेवल्यावर ताईंनी अर्धा डबा तसाच झाकून ठेवला. तरी त्या हटल्या नाहीत. घरी लेकीला म्हणाल्या, “तुझ्या त्या संगणकावर बघ गं, हे लोक राहतात तरी कुठे कुठे.” लेक कॉलेजात नकाशे काढायला शिकत होती. दोन दिवसांनी तिने एक मोठा कागद जेवणाच्या टेबलावर पसरला. त्यावर लाल ठिपके. पूर्वेकडे, जिथे मोठ्या नद्या फाटे फुटून समुद्राला मिळतात, तिथे ठिपक्यांवर ठिपके चढून कागद नुसता लाल झाला होता. मधून सरहद्दीची रेघ गेलेली, आणि रेघेच्या दोन्ही अंगांना सारखीच दाटी. तिथून वर चहाच्या डोंगरांकडे आणखी एक पट्टा. मग मधला सगळा मुलूख विरळ. पश्चिमेच्या किनाऱ्याकडे पुन्हा थोडे ठिपके, पण तिथलं लिहिणं निराळं. आणि मग समुद्र ओलांडून दूरदूरच्या शहरांत, तीळ सांडावेत तसे.

“पूर्वेकडे मोजु म्हणतात, पश्चिमेकडे मुजु,” लेक म्हणाली. “तुझे आजोबा पूर्वेकडचे वाटतात.”

“मग तिकडेच विचारू.”

“आई, तिकडे लाखांनी आहेत.” लेकीने आईच्या खांद्यावर हात ठेवला. “आणि ही फाळणीची रेघ बघ. हिच्यामुळे माणसं एकदा इकडून तिकडे गेली, एकदा तिकडून इकडे. कुणाचं घर कुठलं, ते त्यांनाही धड सांगता येत नाही.”

ताईंनी नकाशा घडी करून पिशवीत घातला आणि दुसऱ्या दिवशीपासून दूरचे फोन सुरू केले. मंडळं, संस्था, दूरध्वनीच्या याद्या, जे मिळेल ते. रुग्णालयात त्यांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. नवरा चेष्टेने म्हणायचा, “परवा मी फोन उचलून ‘मुजुमदार बोलतोय’ म्हणालो. सवयच लागली!” पण रात्री ताटं वाढताना तोच हळूच विचारायचा, “आज काही लागलं का हाताला?”

लागत काहीच नव्हतं. कुणी ऐकून न ऐकल्यासारखं करून फोन बंद करी. कुणी उलट दरडावे, “तुम्हाला नंबर दिला कुणी?” एकाने आजोबांचा फोटो मागवला आणि तिसऱ्या दिवशी कळवलं, ‘आमचे वडील याहून गोरे होते.’ एका बाईला तर फोनवरच रडू फुटलं. ती दूरच्या एका गावात शिवणकाम शिकवायची. माहेरचं आडनाव मोजुमदार. तिचा थोरला भाऊ एकोणतीस वर्षांपूर्वी, आलोच, म्हणून घराबाहेर पडला तो आजतागायत आला नव्हता.

“डाव्या कानामागे भाजल्याचा डाग आहे का?” तिने विचारलं.

ताई धावत वॉर्डात गेल्या, पाहून आल्या. “डाग नाही दिसत. पण कातडी सुरकुतलीय, नक्की नाही सांगता येत.”

ते शेवटचं वाक्य बोलायला नको होतं, असं ताईंना नंतर फार वाटलं. कारण त्या एवढ्या धाग्याला धरून ती शिवणबाई तीन बस बदलून दुसऱ्या दिवशी दुपारी दारात उभी राहिली. केस पिकलेले, हातात खाऊचा डबा. खाटेजवळ गेली, एकदा पाहिलं, आणि मागे ताईंकडे वळून नुसती मान हलवली. तिचा भाऊ नव्हता.

आजोबांनी मात्र तिचा हात डाव्या हाताने घट्ट धरला. म्हणाले, “मोजुमदार.”

“हो दादा,” ती म्हणाली. “मीही.”

मग ती स्टुलावर बसली आणि डब्यातला लाडू कुस्करून कुस्करून त्यांना भरवत राहिली. ताईंना तिथे उभं राहवेना. त्या खाली येऊन मांडणीकडे तोंड करून उगाच गठ्ठे सरळ करत बसल्या.

त्याच आठवड्यात बोलण्याचे उपचार करणाऱ्या बाई आल्या. रुग्णालयाच्या वाट्याला त्या महिन्यातून एकदा येत. त्यांनी आजोबांसमोर पेला धरला. “हे काय?”

“मोजुमदार.”

किल्ल्या दाखवल्या. “मोजुमदार.” भूक लागली का, विचारलं. “मोजुमदार.” मग एकापासून दहापर्यंत आकडे म्हणायला लावले. आजोबांनी दहा वेळा तेच म्हटलं, पण चढत्या सुरात, शाळेतल्या पोरासारखं, आणि दहाव्याला थांबले सुद्धा.

बाहेर व्हरांड्यात त्या बाई म्हणाल्या, “ताई, तुम्हाला वाईट वाटेल. पण अशा झटक्यात कधी कधी एकच शब्द जिभेवर अडकून राहतो. त्यांना सांगायचं असतं भलतंच, बाहेर पडतं तेवढंच.”

“म्हणजे ते त्यांचं नाव नाही?”

“असेलही. किंवा मालकाचं असेल. शेजाऱ्याचं, मित्राचं. ज्याला भेटायला निघाले होते त्याचं. किंवा दुकानाच्या पाटीवर वाचलेलं. ते आपल्याला कळायला मार्ग नाही.”

“त्यांना तरी कळत असेल?”

“त्यांना बहुतेक सगळं कळतं,” बाई म्हणाल्या. “तेच तर.”

ताई वॉर्डात परतल्या. सव्वादोन महिने ज्या शब्दाच्या शेपटाला धरून त्या देशोदेशी फिरल्या होत्या, तो शब्द आता हातात नुसता पोकळ वाजत होता. त्यांनी लेकीचा नकाशा खाटेवर पसरला आणि आजोबांचा डावा हात त्यावर ठेवला. “दाखवा. कुठे जायचंय?” आजोबा बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. बोट इकडून तिकडे सरकलं, लाल दाटीवरून गेलं, समुद्रावर गेलं, कागदाच्या कडेबाहेर चादरीवर आलं. चष्म्याचं घर रिकामं होतं, हे ताईंच्या तेव्हा लक्षात आलं. म्हाताऱ्याला ठिपके दिसतच नव्हते. सिस्टरनी तीन-चार जणांचे चष्मे मागून आणून डोळ्यांवर लावून पाहिले. एकही बसेना.

तिसरा महिना सरत आला तसे मोठे साहेब म्हणाले, “खाट अडकलीय. निराधारांच्या आश्रमात जागा झालीय, उद्या पाठवू.”

“साहेब, निदान कागदावर मोजुमदार तरी लिहू द्या. तिथे ते नुसते सहा नंबर व्हायचे.”

“पुरावा आहे?”

पुराव्यावाचून नोंद नाही, हा नियम या इमारतीत नव्या कारकुनांना शिकवला कुणी, तर त्यांनीच. साहेबांचा आवाज जरा खाली आला. “माझ्या हातात असतं तर लिहिलं असतं, ताई. उद्या खऱ्या मोजुमदारांपैकी कुणी येऊन विचारलं, तर काय सांगणार?”

सकाळी गाडी आली. सिस्टरनी आजोबांची दाढी केली, धुतलेला सदरा घातला. स्ट्रेचर गाडीत सरकवताना आजोबांनी ताईंकडे बघून तो शब्द उच्चारला. या वेळी सूर निराळा होता, खालचा, लांबवलेला. येतो म्हणाले, का जाऊ नका देऊ म्हणाले, का तुम्ही तरी समजून घ्या म्हणाले, ताईंना कळलं नाही. “हो, हो,” एवढंच त्यांच्या तोंडून निघालं, आणि आपण कशाला होकार दिला, या विचाराने दिवसभर त्यांचं कामात लक्ष लागलं नाही. त्या दिवशी एक केसपेपर चुकीच्या वर्षात गेला. तो सापडायला दोन दिवस लागले.

आश्रम शिवणबाईच्या गावापासून तासाभरावर होता. ताईंनी न सांगताच ती तिथे जाऊ लागली, दर रविवारी. भेटायला येणाऱ्यांच्या वहीत ‘नातं’ असा रकाना होता. पहिल्या खेपेला तिथल्या माणसाने अडवलं, तेव्हा तिने लिहिलं, ‘आडनाव एकच’. त्याने ते वाचलं, डोकं खाजवलं आणि आत सोडलं. जाऊन आली की ती ताईंना फोन करी. चादर स्वच्छ होती, ताप नव्हता, डाव्या हाताने चमचा धरतात आता.

ज्यांना ज्यांना ताईंनी विचारलं होतं, त्यांचेही फोन अधूनमधून येत. तो बोलघेवडा शिक्षक, तो गोऱ्या वडिलांचा मुलगा, आणखी कुठले कुठले. “लागला का हो पत्ता आमच्या त्या माणसाचा?” ते विचारत. ‘आमच्या’ म्हणत. ताई प्रत्येकाला सांगत, “नाही अजून.”

थंडी सुरू झाल्यावर एका सोमवारी, खिडकीशी पाच-सहा जणांची रांग असताना, शिवणबाईचा फोन आला. नेहमीचं सगळं सांगून झालं, तरी ती फोन ठेवीना.

“काय झालं?” ताईंनी विचारलं.

“आता तेही म्हणत नाहीत, ताई. तीन रविवार झाले. मी म्हणते समोर बसून, मोजुमदार, मोजुमदार. नुसते बघतात.”

रांगेतल्या माणसाने जाळीवर टकटक केलं.

“जेवतात ना?” त्यांनी विचारलं.

“जेवतात. थोडं.”

“बरं,” ताई म्हणाल्या. फोन मात्र दोघींपैकी कुणीच ठेवला नाही. ताईंनी तो खांद्यात धरला आणि जाळीतून रांगेतल्या माणसाचा कागद घेतला.