मंदाकिनीकाकूंचं समोरासमोर

रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या मंदाकिनीकाकूंना फसवणं सदर बाजारात कुणालाच जमलं नाही. एका सोनाराचा भाव ऐकायच्या, मग दुसऱ्याचा, आणि फरक दिसला की पहिल्याला हाताला धरून दुसऱ्याच्या दुकानात नेऊन उभं करायच्या. समोरासमोर आले की लबाड कोण ते कळतंच, असं त्यांचं म्हणणं. आम्हा शेजारणींना त्यांच्याबरोबर बाजारात जायची धास्तीच वाटे.

रायपूर नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं, तेव्हा काकूंना नात झाली. पण पोर फार लवकर जन्मली. एवढीशी, काचेच्या पेटीत ठेवलेली. तिची फुप्फुसं अजून कच्ची होती आणि काकूंच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

सकाळचे डॉक्टर म्हणाले, "नाक से हवा दे रहे हैं, साँस वो खुद ले रही है. ऐसे ही रहने दो." संध्याकाळचे म्हणाले, "थक जाएगी. गले में नली डालकर मशीन पर रखना ठीक रहेगा."

काकूंनी कान टवकारले. एकच पोर आणि दोन भाव.

"मम्मी, ये दुकान नहीं है," मुलगा नीलेश कुजबुजला.

"माहीत आहे मले. म्हणूनच भेव वाटून राह्यलं."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांची पाळी बदलताना काकूंनी दारातच ठाण मांडलं. एकाला बाहेर पडता येईना, दुसऱ्याला आत जाता येईना.

"आधी दोघं एकमेकांशी बोला. मंग मी उठीन."

दोघं आधी चिडले, मग हसले, आणि तिथंच उभ्याउभ्या बोलले. काकू लबाड कोण ते शोधत होत्या, पण कुणी सापडेना. दोघं वेगवेगळ्या दवाखान्यांत शिकले होते आणि दोन्हीकडे पोरं जगली होती. शेवटी ठरलं, तूर्त नाकातली हवाच ठेवायची. पोर दमायला लागली तर नळी, मग पाळी कुणाचीही असो. बाजारात भाव जुळला की काकू खुशीत येत. इथं मात्र त्या ढसाढसा रडल्या.

नळी लागली नाही. ती पोर, निधी, पुढं शाळेत जाऊ लागली. एकदा आईस्क्रीमला आईनं नाही म्हटलं आणि आजीनं हव, म्हणजे हो. पोट्टीनं आईला ओढत आजीच्या खुर्चीपुढं आणून उभं केलं आणि स्वतः दारात फतकल मारून बसली.

"अब बोलो दोनों!"

आवाज आमच्या घरापर्यंत आला. मी डोकावले, तर सून हसत होती. काकू मात्र आईस्क्रीमचं विसरून पोरीचा तो खणखणीत आवाजच ऐकत बसल्या होत्या.