सूतभर खाली, सूतभर वर
काचेच्या दुकानाच्या मालकाला सगळा रस्ता 'सूतभर' म्हणूनच ओळखायचा. इंचाचे आठ भाग केले की एकेक भाग म्हणजे एक सूत, आणि हा गृहस्थ कुठलंही माप घेतलं की सूतभर कमीच धरायचा. काच मोठी झाली तर चौकटीत जात नाही, आणि दाबली तर टिचते. म्हणून साडेबारा म्हटलं की हा बारा आणि तीन सूत, पावणेतेरा म्हटलं की बारा आणि पाच सूत. हळूहळू ही खोड जिभेलाच लागली. सव्वाआठची वेळ दिली की स्वारी आठला हजर! सव्वीस वर्षांत त्याची एक काच परत आली नव्हती. मात्र दुसऱ्याच्या तोंडचं माप तो कधी घेत नसे.

समोर टेलरबाईंनी दुकान थाटलं आणि तिथे जरा घोळ झाला. आरशाची चौकट तयार होती. "रुंदी पंचवीस," बाई हसून म्हणाल्या, आणि सूतभरने टेप खिशातच ठेवला.

आरसा नेला तर तो चौकटीत शिरेना. बाईंनी मोजलं तर चौकट चोवीस आणि पाच सूत.

"मग पंचवीस कसं सांगितलंत?"

"कापडाला वरच धरतात. कमी पडलं तर जोडणार कुठून?" बाई आरशाकडे बघत म्हणाल्या, "थोडं आत घेता नाही येत?"

"काच आहे ती, परकर नव्हे!"

बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. सव्वीस वर्षांची अब्रू एका हसण्यापायी गेली होतीच. आता हसणंही जाणार, ही त्याची खरी धास्ती होती. पण बाई खो-खो हसल्या. "चूक माझी, चौकट माझी. सुताराकडून घासून घेते. तुम्हाला मात्र एक शर्ट शिवून देणार. छाती किती?"

"अडतीस."

"तोंडचं माप मी घेत नाही," म्हणत त्यांनी टेप टाकला. साडेएकोणचाळीस भरली. सूतभर श्वास घ्यायचाच विसरला होता, नाहीतर आणखी भरली असती.

"वय?"

"शर्टाला वय लागतं?"

"शर्टाला नाही. मला लागतं."

"चाळीस," तो म्हणाला.

"काय सांगता! मीपण चाळीस."

दुकानात परतल्यावर त्याचं कशात लक्ष लागेना. दोन काचा वाकड्या कापल्या, एका गिऱ्हाइकाला आरशाऐवजी तावदानाचा भाव सांगितला. त्याचं वय त्रेचाळीस होतं. काचेला कमी धरणं वेगळं, आणि आपल्याला पसंत पडलेल्या बाईला कमी सांगणं वेगळं. उद्या कळलं तर त्या म्हणतील, माणूस पहिल्याच मापात खोटा निघाला. शेवटी शटर अर्धं ओढून तो रस्ता ओलांडून गेला.

"बाई, मी तीन वर्षं कमी सांगितली."

बाईंनी मशीन थांबवलं. "खरंच?"

"सवयच तशी पडलीय. रागावलात?"

"कशी रागावणार? मी तीन वाढवून सांगितलीत."

"तुम्ही? बायका तर कमी करून सांगतात!"

"सांगू देत." बाईंनी तोंडातल्या टाचण्या काढून उशीला टोचल्या. "मी म्हटलं, हेही तोंडचंच माप, उद्या तुम्ही मोठे निघालात तर मध्ये फार अंतर नको. थोडं सैल ठेवलेलं बरं."