चुन्याखालच्या कमानी

गेल्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता वाचनालयाच्या समितीने फरीदाआपांच्या चित्रावर चुना फासला. अफगाणिस्तानातलं हेरात सोडून आमच्या गल्लीत आलेल्या आपांनी तिथल्या घराच्या कमानी आणि इथल्या ठिपक्यांच्या रांगोळ्या वाचनालयाच्या भिंतीवर एकात एक गुंफल्या होत्या.

चुना मारणारा म्हणाला, "चित्र कुठं होतं, ताई? नुसते त्रिकोण होते."

आपा म्हणाल्या, "घर आता तेवढंच आठवतं, भाऊ."

पण रंगाआधी आपा सुतळीला खिळा बांधून प्रत्येक रेघ भिंतीत कोरून घेत. आज तिरप्या उन्हात चुन्याखालून कमानी दिसू लागल्या. आपा त्यांवरून बोट फिरवत होत्या. दार शोधताय का, असं विचारायचा मला धीर झाला नाही.

सोमवारी तिथे प्लास्टर होणार आहे. त्याआधी या आणि गवंड्यांना अडवायला भिंतीला पाठ लावून उभे राहा.