एकादशीचा पाव

देवाने आपल्यासाठी खास काही केलं, असं सांगणारी माणसं भेटली की मी जरा सावध होते. मग शेजारच्यासाठी त्याने का केलं नाही, हा प्रश्न माझ्या मनात आधी उभा राहतो. आमच्या घरातली भक्ती सगळी यजमानांकडे. तंजावरहून मद्रासला आलेलं त्यांचं घराणं. एकादशी त्यांनी नोकरीत असताना कधी मोडली नाही आणि निवृत्तीनंतर वेस्ट मांबलमच्या फ्लॅटमध्येही नाही. मी नैवेद्याचं सगळं व्यवस्थित करते आणि मनातल्या मनात वाद घालत असते. हे आधीच सांगितलेलं बरं.

यजमानांना मधुमेह आहे. त्या एकादशीला त्यांनी पूजा केली, तीर्थ घेतलं आणि त्यावरच साखर उतरवणारी गोळी गिळली. खायचं नाही तर गोळी तरी कशाला, असं मी म्हटलं, तर म्हणाले, "औषध म्हणजे अन्न नव्हे गे. त्याने उपास मोडत नाही." आमच्या नात्यात सगळे हेच मानतात. डॉक्टरांचंही ऐकलं, व्रतही पाळलं, दोन्हीकडून सुटका. शरीराला मात्र ही तडजोड कोणी विचारलेली नसते. दुपारी मी त्यांना उठवायला गेले तर ते खुर्चीत घामाने चिंब, डोळे अर्धवट उघडे, आणि माझ्याकडे बघूनही मला ओळखत नव्हते. मी जिन्यात धावले आणि हाका मारल्या.

खालच्या मजल्यावरच्या माणसांनी त्यांना उचलून ऑटोत घातलं आणि मी जवळच्या एका नर्सिंग होमला नेलं. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "इन्शुरन्स इरुक्का, अम्मा?" इन्शुरन्स नव्हता. कंपनीचा विमा नोकरीबरोबर संपला, आणि नंतर वय आणि मधुमेह ऐकून जे हप्ते सांगितले गेले ते आमच्या आवाक्यातले नव्हते. ज्या वयात दुखणी सुरू होतात नेमकं त्याच वयात विमा संपतो, ही व्यवस्था ज्याने लावली त्याचं मला कौतुक वाटतं. मुलगी उद्धट नव्हती. आधी ॲडव्हान्स भरा, मग डॉक्टर बघतील, एवढंच तिने शांतपणे सांगितलं. तिला तसंच सांगायला ठेवलं होतं. बाहेर उभ्या ऑटोत यजमानांची मान एका बाजूला कलली होती. एरवी देवाशी वाद घालणाऱ्या मला तेव्हा एकही मुद्दा सुचला नाही. मी त्याला नुसती हाक मारली.

औषधांच्या खिडकीपाशी उभी असलेली एक अनोळखी बाई जवळ आली. "अम्मा, इथे का थांबलात? जी.एच.ला चला. तिथे आधी माणसाला बघतात," ती तमिळमध्ये म्हणाली, आणि मी हो-नाही म्हणायच्या आत ऑटोत बसली. सरकारी इस्पितळ आपल्यासाठी नाही, असं आमच्याकडे न बोलता ठरलेलं असतं. ते माझ्या ओठांवर आलंही, पण तिने यजमानांचं डोकं आपल्या खांद्यावर टेकवून घेतलं होतं. तिनेच ड्रायव्हरला कुठल्या फाटकातून आत जायचं ते सांगितलं, तिनेच स्ट्रेचर बोलावलं. आभार मानायला मी वळले तेव्हा ती गर्दीत निघून गेली होती. ती देवीच होती, असं माझी नणंद आजही सगळ्यांना सांगते. मला विचाराल तर ती एक बाई होती, आणि तेवढं मला पुरतं.

माझं मन हललं ते इस्पितळाच्या आत जे बघितलं त्याने. एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आज काय खाल्लंय, गोळी कोणती घेतात. बोटाला सुई टोचली, साखर फारच उतरली होती, लगेच शिरेतून ग्लुकोज दिलं. थोड्याच वेळात यजमान म्हणाले, "आपण कोठे आहो गे?" आणि मी सगळ्यांसमोर रडले. आम्ही कोण, पैसे कोण भरणार, हे कोणी विचारलंच नाही. शेजारच्या खाटेवर ओरगडमच्या कारखान्यातला कंत्राटी कामगार होता. त्याचं कंत्राट संपलं होतं, ताप मात्र उतरला नव्हता. त्यालाही तेच सलाइन, तीच नर्स. वॉर्डात दाटी होती, पंखा कुरकुरत होता, पण कोणी कोणाच्या आधी नव्हतं. देवाने माझ्या एकटीसाठी काही केलं असतं तर मी पुन्हा वाद घातला असता. इथे तर दार सगळ्यांसाठीच उघडं होतं. न बघितलेल्या माणसांनी आपापल्या कमाईतला वाटा घालून ते उघडं ठेवलं होतं. ज्या गावात असं दार नाही, तिथल्या बाईने त्या दुपारी काय करायचं? तिलाही एखादी अनोळखी बाई भेटावी, या आशेवर तिला सोडून देणं मला भक्ती वाटत नाही.

मग नर्सने दूध आणि पाव आणून ठेवला. गोळीचा अंमल अजून आहे, खाल्लं नाही तर साखर पुन्हा उतरेल, असं तिने बजावलं. एकादशी संपली नव्हती. परक्या हातचं अन्न यजमानांनी जन्मात खाल्लं नव्हतं. ते त्या थाळीकडे बघत राहिले, आणि मला पुन्हा तीच भीती वाटली. मी थाळी नुसती त्यांच्याजवळ सरकवली. बोलले असते तर ते हट्टाला पेटले असते. शेवटी त्यांनी सलाइन नसलेल्या हाताच्या तळव्यात थोडं पाणी घेतलं, घरच्या पानाभोवती फिरवावं तसं स्टीलच्या थाळीभोवती फिरवलं, "गोविंद" म्हटलं आणि पाव दुधात बुडवला.

मी हात जोडले. कोणाला, ते मी स्वतःला विचारलं नाही.