तीन वर्षांचा बंब

पलूसच्या बाजूच्या एका छोट्या नगरपरिषदेत मी लेखापाल म्हणून रुजू झाले, तेव्हा अंदाजपत्रक करायची तिथली रीत मला एका दिवसात कळली. गेल्या वर्षीचा आकडा घ्यायचा, त्यावर दहा टक्के चढवायचे आणि सभेपुढं ठेवायचा. दोन वर्षं मीही तेच केलं.

मग नवे मुख्याधिकारी आले. माझ्यापेक्षा वयानं लहान. पहिल्याच बैठकीत म्हणाले, "यंदा प्रत्येक विभागानं तीन वर्षांचा आराखडा द्यायचा. तीन वर्षांनी तुमचा विभाग कुठं असायला हवा ते आधी लिहा, पैशाचं नंतर बघू."

शेजारी बसलेले पाणीपुरवठ्याचे अभियंते माझ्या कानाशी पुटपुटले, "मी तीन वर्षांनी पेन्शनीत. तेच लिहितो."

अग्निशमन विभागाला स्वतःचा कारकून नव्हता, म्हणून त्यांचा आराखडा माझ्या गळ्यात पडला. विभाग म्हणजे तरी काय, पत्र्याची एक शेड, चार माणसं आणि एक म्हातारा बंब. बंबाचे चालक सैन्यातून निवृत्त होऊन आलेले. सगळे त्यांना फौजी म्हणत. मी कागद घेऊन शेडमध्ये गेले, तेव्हा ते बंबाखाली झोपून काहीतरी आवळत होते.

"फौजी, तीन वर्षांनी तुम्हाला काय काय लागेल ते सांगा."

ते खालूनच हसले. "तीन वर्सं? आवं म्याडम, दुपारच्याला ही चालू हुईल का न्हाई, त्येचा भरवसा न्हाई."

"तरी सांगा."

"नवा बंब. लिवा."

"तो एका वर्षात मिळणार नाही. तोपर्यंत काय?"

या प्रश्नावर ते बाहेर आले आणि हात पुसू लागले. बहुतेक हे त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं. ते काही बोलणार तेवढ्यात शेडमधला फोन वाजला. उसाला आग लागली होती. गडीमाणसं धावली. फौजी स्टिअरिंगवर चढले आणि वरूनच म्हणाले, "आराखडा पायजे न्हवं? मग बसा गाडीत."

मी साडीचा पदर खोचला आणि बसले. आजही मला त्याचं नवल वाटतं.

शेतात पोचलो तेव्हा ज्वाळा उसाच्या वर गेल्या होत्या. पाचट असं तडतडत होतं, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. बंबातलं पाणी बघता बघता संपलं. आता परत गावात जाऊन टाकी भरून आणायची, म्हणजे तोवर फड खलास. समोरच शेतकऱ्याची विहीर होती, काठोकाठ भरलेली. मोटारही चालू होती. पण तिच्या पाइपाचं तोंड आमच्या पाइपाला बसेना. फौजींनी सायकलची ट्यूब मागवली, दोन्ही तोंडं एकमेकांवर दाबून करकचून बांधली. सांध्यातून कारंजं उडत होतं आणि ते सगळं माझ्या अंगावर येत होतं, तरी टाकी भरत गेली. अर्ध्याहून जास्त फड वाचला.

शेतकऱ्याच्या बायकोनं सगळ्यांना भडंग आणि चहा दिला. माझ्या तोंडाकडं बघून ती म्हणाली, "बाई, तुमी कोण? बंबावर बायका बी असत्यात व्हय?" मी बंबाच्या आरशात बघितलं, तर नाकापासून कानापर्यंत काजळी. आम्ही दोघी पोट धरून हसलो.

परतताना फौजी म्हणाले, "म्याडम, आता लिवा. पयल्या वर्साला नवा बंब नको. विहिरींच्या मोटारींना आपला पाइप बसंल असा जोड करून द्या. लय झालं."

तसाच आराखडा झाला. पहिल्या वर्षी विहिरींना जोड, दुसऱ्या वर्षी जुन्या बंबाला नवा पंप आणि माणसांना प्रशिक्षण, तिसऱ्या वर्षी नवा बंब. त्यासाठी दरवर्षी थोडे पैसे बाजूला टाकायचे.

सभेत एक ज्येष्ठ नगरसेवक उठले. "माझ्या वॉर्डात गटार न्हाई आणि तुमी विहिरींना दागिनं घालताय?"

फौजी दाराशी उभे होते. त्यांनी पिशवीतून पाइपांची दोन पितळी तोंडं काढली, एक विहिरीचं, एक बंबाचं, आणि त्या नगरसेवकांच्या टेबलावर ठेवली. "तात्या, एवढी दोन जोडून दावा."

तात्यांनी बाह्या सरसावल्या. दाबून बघितलं, फिरवून बघितलं, शेवटी गुडघ्यात धरून बघितलं. सभागृह हसायला लागलं. तात्याही हसले. "ह्यो तर जावई-सासऱ्याचा जोड हाय, जमायचाच न्हाई. करा मंजूर."

पहिलं वर्ष मजेत गेलं. दुसऱ्या वर्षी मुख्याधिकाऱ्यांची बदली झाली. नवे साहेब फाइल चाळत म्हणाले, "हा मागच्या साहेबांचा आराखडा. बंबाच्या पैशात गावाला स्वागत कमान होईल." वाद न घालता मी म्हटलं, "साहेब, आधी एकदा बघायला चला."

विहिरीवर आम्ही त्यांना खुर्ची दिली, हातात चहा दिला. फौजींनी शिट्टी मारली. माणसं धावली, जोड खटकन बसला, आणि साहेबांचा चहा अर्धा व्हायच्या आत पाण्याचा फवारा बांधापलीकडं गेला. साहेबांनी कप खाली ठेवला. "पुन्हा करा," म्हणाले. पुन्हा केलं. तिसऱ्या वेळी त्यांनी स्वतः पाइप धरला आणि पँट भिजवून घेतली. कमानीचा विषय परत निघाला नाही.

तिसऱ्या वर्षी नवा बंब ताब्यात घ्यायला आम्ही पुण्याला गेलो. कागदपत्रांसाठी मी आणि गाडी आणायला फौजी. परतताना मी भीत भीत म्हटलं, "फौजी, लोणंदवरनं जाता येईल का? माझं माहेर आहे."

"वाकडी वाट हाय," ते म्हणाले आणि गाडी लोणंदकडं वळवली.

घरासमोर तो लालभडक बंब उभा राहिला, तेव्हा अख्खी गल्ली गोळा झाली. माझे वडील बाजार समितीत कांद्याची वजनं करण्यात हयात घालवलेले. ते बंबाभोवती दोनदा फिरले, चाकावर हात ठेवला आणि मला म्हणाले, "तू तर हापिसात बसून आकडे लिहितेस. ह्यात तुझं काय?"

मी सांगायला तोंड उघडलं, पण फौजी आधी बोलले. "आवं, त्या आकड्यांचाच ह्यो बंब झालाय."

वडील घरात गेले, इस्त्रीची टोपी घालून आले आणि केबिनमध्ये चढून बसले. आईनं बंबाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. मग हळूच फौजींना विचारलं, "भाऊ, त्यो भोंगा मी एकदा वाजवू का?"

"वाजवा की, अक्का!"

आईनं बटण दाबलं आणि दाबूनच धरलं. गल्लीतली कुत्री पळाली, पलीकडच्या घरातून माणसं बाहेर आली. आई लहान पोरीसारखी हसत होती. वडील टोपी धरून ओरडत होते, "अगं, पुरं! आग कुठं लागलीय, म्हणून विचारतील लोक!"